चारचौघांत बोलणारी शेवंता

"आई, रक्त थांबत नाहीये," वंदना म्हणाली. शेवंताने फोनचा स्पीकर लावून तो हातात समोर धरला होता.

आमची बस शिळफाट्याच्या अलीकडे अडकून पडली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला खणलेला रस्ता. आम्ही दोघी ठाण्याला माझे डोळे दाखवायला निघालो होतो. वंदना ही शेवंताची मुलगी. आठवा महिना चालू होता, बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि त्या वेळी डोंबिवलीच्या मानपाड्यातल्या घरात एकटी. मोरीतून सरपटत बाहेरच्या खोलीपर्यंत आली होती. दाराला आतून कडी. तिला उठता येत नव्हतं.

"दारापर्यंत जाऊक जमता काय गो?" शेवंताने विचारलं.

"नाही गं. फिरतंय सगळं."

"हाक मार शेजाऱ्यांका."

"मारली. कोणी येत नाही."

आधी तिने आईलाच पुन्हा पुन्हा फोन लावला होता. फोन शेवंताच्या पिशवीत होता आणि त्याचा आवाज बंद होता. किती वाजले बघायला तिने तो काढला, तेव्हा पडद्यावर वंदनाचं नाव एकाखाली एक लागलेलं दिसलं.

शेवंता सीटवरून उठली आणि बसच्या मधल्या जागेत उभी राहिली. "आयका रे सगळ्यांनी!" ती ओरडली. "माझ्या चेडवाचो जीव जाता! मानपाड्याचा कोण असा काय हय?"

बसमधल्या अर्ध्या लोकांच्या कानात इअरफोनची बोंडं होती. त्यांनी मानही वर केली नाही. ज्यांना ऐकू आलं त्यातला एक शर्ट-पँटवाला म्हणाला, "आजी, फोन कानाला लावा ना. सगळ्यांना कशाला ऐकवताय?"

पुढचं सांगते. पण आधी शेवंता कोण ते सांगायला हवं. नाहीतर त्या माणसाला वाटलं तसंच तुम्हालाही वाटेल, की बाईला रीत नाही.

शेवंता मालवणकडची. लग्न होऊन डोंबिवलीला आली तेव्हापासून आमच्या चाळीत, माझ्या भिंतीला भिंत. मी घाटावरची, चौथी शिकलेली. ती माझ्यापेक्षा लहान आणि दुसरीतून शाळा सोडलेली. आम्ही दोघी एमआयडीसीत बाटल्या भरायच्या कामाला होतो. ती मला वयनी म्हणायची. माझा नवरा तिच्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठा, एवढंच कारण. अंगाने काटकुळी, पण आवाज असा की कंपनीतल्या मशीनच्या वर ऐकू यायचा. सुपरवायझर म्हणायचा, "परबबाई, भोंगा बिघडला तर तुम्हालाच उभं करू."

तिच्या गावात पहिला फोन आला तो तिठ्यावरच्या दुकानात. मुंबईहून फोन आला की दुकानदार हाळी द्यायचा, मग ज्याचा फोन तो धावत यायचा आणि त्याच्यामागे निम्मी वाडी. एक जण बोलायचा, बाकीचे ऐकायचे. चुकलं तर दुरुस्त करायचे. "म्हशीचा सांग", "काजीचो भाव विचार", "आवाज बसलोसो वाटता, ताप इलो काय विचार". शेवंता फोनवर बोलायला शिकली ती अशी. तिला फोन म्हणजे पारावरची बैठकच वाटायची. हातात मोबाईल आला तरी ते बदललं नाही. फोन वाजला की आधी आजूबाजूच्यांना सांगायची, "माझ्या भावाचो हा," मग स्पीकर लावायची. भाकरी धरावी तसा फोन आडवा धरायची तोंडासमोर. चाळीत हे सगळ्यांना सवयीचं होतं. तिचा भाऊ बोलत असला की कुणीही जाता जाता ओरडायचं, "दादा, यंदा फणस पाठवा!" आणि तिकडून तो म्हणायचा, "कोण बोलता? वयनी काय?"

एखादी बाई फोन कानाला लावून जिन्याखाली गेली की शेवंता म्हणायची, "कानाक लावून बोलता तो एकतर चोर, नायतर प्रेमात पडलेलो."

मला तिचं हे सगळंच आवडायचं असं नाही. माझे यजमान गेले तेव्हा घरात माणसं बसलेली, आणि हिने गावाला फोन लावून स्पीकर माझ्या तोंडापुढे धरला. तिकडच्या बायका सुरात रडायला लागल्या. मी त्यातल्या एकीलाही ओळखत नव्हते. मी म्हटलं, "शेवंता, तो फोन बंद कर नाहीतर मी मोरीत टाकीन." तिने बंद केला, पण तिला कळलं नाही मी का चिडले ते. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्या घरात जर कोण गेलो, तर तू तुझ्या सगळ्या गावाक रडाक लाव. माका चलात." ती थट्टा करत नव्हती.

मग चाळ पडली. शेजारीच काचेची जुनी कंपनी बंद पडली होती, त्या जागेवर टॉवर उठले. शेवंताचा मुलगा महेश कॉम्प्युटरचं शिकून जपानला नोकरीला लागला. त्याने एका टॉवरात फ्लॅट घेतला आणि आईला तिथे ठेवलं. तिचा नवरा तोवर वारला होता. मी मागच्या गल्लीत मुलाकडे.

टॉवरचं नाव इंग्रजी होतं. शेवंताला ते कधी म्हणता आलं नाही आणि रिक्षावाल्यांनाही यायचं नाही. ती म्हणायची काचेची कंपनी, तेही म्हणायचे काचेची कंपनी. दारं जाड. आत कुकर फुटला तरी बाहेर कळू नये अशी. खाली हॉलात सोफे होते, त्यावर कुणी बसायचं नाही. शेवंता बसायची. वंदना सासरहून फोन करायची, तो तिथे बसून घ्यायची, स्पीकर लावून. वॉचमन, झाडूवाली, दूध टाकणारा, सगळ्यांना वंदनाच्या सासूचे गुडघे माहीत होते.

एकदा सेक्रेटरी खाली आला. चांगला माणूस होता, आवाज न चढवता बोलला. "मावशी, इथे लोकांना त्रास होतो. शिवाय तुमच्या घरातल्या गोष्टी सगळ्यांना कशाला? प्रायव्हसी म्हणून काही असतं."

"तुमचो कुत्रो भुकता तो काय माझ्या कानात भुकता?" शेवंता म्हणाली.

"कुत्रा जनावर आहे मावशी."

"मगे मी माणूस असंय. माका जास्त भुकाक होया."

तो हसला आणि निघून गेला, पण आठवड्याभरात लिफ्टमध्ये कागद लागला. स्पीकरवर बोलू नये. मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लिफ्टीत नाय बोलूचंय. सोफ्यार बोलतंय." आणि बोलत राहिली.

कागदाचं तिने ऐकलं नाही. ऐकलं ते महेशचं.

तो गणपतीला रजेवर आला होता. आम्ही तिघं माजिवड्याला त्याच्या मित्राकडे निघालो. बसमध्ये शेवंताला वंदनाचा फोन आला. दिवस राहिल्याचं वंदनाने तेव्हाच सांगितलं, स्पीकरवर, सगळ्या बसला. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून "अभिनंदन" म्हटलं. शेवंता खूश. महेशचं तोंड लाल.

"आई, हे असं नाही करायचं."

"काय केलंय मी?"

"तिकडे ट्रेनमध्ये गच्च गर्दी असते, पण एक माणूस फोनवर बोलत नाही. रिंग वाजत नाही कोणाची. दुसऱ्याला त्रास नको म्हणून. लहान पोरांनाही कळतं ते."

"आणि कोणाचो अर्जंट फोन इलो तर?"

"पुढच्या स्टेशनला उतरून बोलतात."

"मगे तवसर मरणारो थांबता?"

"तसं काही नसतं गं. तू उगाच वाकड्यात शिरतेस."

मी म्हटलं, "तिथल्या लोकांचं तिथे बरोबर असेल बाबा. इथे बस आहे."

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका," तो म्हणाला. मग आईकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, "मला लाज वाटते आई. मित्रांसमोर, सगळ्यांसमोर. खरंच वाटते."

सेक्रेटरीला, वॉचमनला, बसमधल्या कुणालाही शेवंताने जुमानलं नसतं. पण मुलाला लाज वाटते म्हटल्यावर तिने फोन त्याच्या हातात दिला. "काय ता कर," म्हणाली. त्याने आवाज कुठून बंद करायचा ते दाखवलं आणि सांगितलं, घरातून बाहेर पडलीस की हे दाबायचं, घरी आलीस की परत. तो तिकडे गेला तरी ती ते करत राहिली. दार ओढायची, चप्पल घालायची, फोन दाबायची. मी चेष्टा केली की म्हणायची, "झिलाक शब्द दिलोय."

त्या दिवशीही दाबला होता.

आता परत त्या बसमध्ये. शर्ट-पँटवाल्याला शेवंताने उत्तर दिलं नाही. ती एकेका सीटपाशी जाऊन लोकांच्या कानातली बोंडं ओढायला लागली. एक कॉलेजची मुलगी किंचाळली, "ओ आंटी, काय करताय?" पण मग फोनमधून वंदनाचं कण्हणं ऐकू आलं आणि ती मुलगी तशीच थांबली. तिने स्वतःचा फोन काढून ॲम्ब्युलन्सला लावला. ॲम्ब्युलन्स निघते म्हणाले, पण कल्याण-शीळ रस्ता कसा होता ते आम्ही सगळे खिडकीतून बघतच होतो.

मागून एक माणूस पुढे आला. मानपाड्याजवळच्या सागावचा होता, हातात पिशवी. "कुठली बिल्डिंग?"

शेवंताने तोंड उघडलं आणि नाव येईना. मलाही येईना. "काचेची कंपनी," ती म्हणाली. "काचेच्या कंपनीतलो मधलो टॉवर."

"कळलं. माझा मेव्हणा तिथल्याच स्टँडवर रिक्षा लावतो." त्याने फोन लावला. शेवंताने त्याचा हात धरला. "कानाक लावू नको. सगळ्यांका आयकू दे." त्याने स्पीकर लावला.

आता दोन फोन समोरासमोर होते. एकातून मेव्हण्याच्या रिक्षाचा आवाज, दुसऱ्यातून वंदना. कुणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. त्याने गाडी बंद केली. कंडक्टरने मागच्या पोरांना गप्प केलं. त्या बसमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या ट्रकचा हॉर्न वाजला तरी लोक दचकत होते.

"वंदू, बोलत रव गो. झोपा नको."

"हो."

"काय दिसता तुका? सांग."

"पंखा."

"आणि?"

वंदना बोलली नाही.

दुसऱ्या फोनमधून मेव्हणा म्हणाला, "भावोजी, गेटवर आलोय. चौघं आहोत. वॉचमन सोडत नाही."

"का?"

"म्हणतो, फ्लॅटवाल्याने मोबाईलवर हो म्हटल्याशिवाय गेट उघडत नाही. मालकाला मेसेज गेलाय म्हणतो. उत्तर येत नाही."

मालक म्हणजे महेश. गेटवर कोण आलंय याचा निरोप जायचा तो जपानला, महेशच्या फोनवर. शेवंताला ते जमत नव्हतं म्हणून त्यानेच तसं करून ठेवलेलं. तिकडे तो त्या वेळी कुठल्या तरी मीटिंगमध्ये बसला होता, फोन उलटा ठेवून.

शेवंताने सागाववाल्याच्या हातातला फोन घेतला. "यादव!" अशी हाक मारली की माझ्या कानठळ्या बसल्या. "गेट खोल! मैं बोलती है! वंदू मरती है मेरी!"

तिकडून वॉचमन म्हणाला, "परब माताजी? आप कहाँ से..." आणि मग लोखंडी गेट सरकल्याचा आवाज आला. त्या टॉवरातल्या बहुतेक लोकांचा आवाज त्याने कधी ऐकला नसेल. हिचा रोज ऐकला होता.

पुढचं आम्ही फक्त ऐकलं. लिफ्ट. पावलं. दार ठोठावणं. ते ठोठावणं आधी एका फोनमधून यायचं, मग दुसऱ्यातून, वंदनाच्या बाजूने. वंदनाचा आवाज नव्हता. शेवंता हाका मारत होती आणि दर हाकेनंतर थांबत होती. शर्ट-पँटवाला उभा राहिला होता. दार लवकर मोडेना. कुणीतरी पहार मागवली. शेवंता फोनला म्हणाली, "मोडा रे, मोडा, दार माझा असा, मी सांगतंय मोडा."

मोडलं. आतून एक माणूस ओरडला, "आहे, श्वास आहे! चादर घे, चादर!" आणि मग धावपळीत तिकडचे दोन्ही फोन बंद झाले.

बसमध्ये कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. ड्रायव्हरने दार उघडलं. आम्ही उतरलो, दुभाजकावरून पलीकडे गेलो. उलट्या बाजूने येणारी एक रिक्षा त्या कॉलेजच्या मुलीने हात करून थांबवली. डोळ्यांचं राहिलंच. ते पुढे झालं.

डोंबिवलीतल्या ज्या दवाखान्यात मेव्हण्याने वंदनाला नेलं, तिथे आम्हाला आत सोडलं नाही. वंदनाला ऑपरेशनला घेतलं होतं. तिचा नवरा नाशिकहून निघाला होता. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. समोर पाटी होती, मोबाईल बंद ठेवा. शेवंताच्या लुगड्याला रिक्षाचं ग्रीस लागलं होतं.

मग तिचा फोन थरथरला. महेश.

तिने स्पीकर लावला. तो कुजबुजत होता, तोंडावर हात ठेवल्यासारखा. "आई, गेटचा मेसेज होता, इतके मिस्ड कॉल, काय झालंय? मी ट्रेनमध्ये आहे. पुढच्या स्टेशनला उतरून करतो."

"उतरा नको. बोल."

"आई, इथे..."

"महेशा, तुझी भैण आत असा. तिका कापतत. मोठ्यान बोल."

महेश बोलायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की पलीकडच्या बाकावरची माणसं वळली. कधी झालं, कुठे नेलं, डॉक्टर काय म्हणतात, रक्त मिळालं का. तिकडे त्या गच्च गाडीत हा एकटाच मराठीत ओरडत होता. मध्येच म्हणाला, "सगळे बघतायत माझ्याकडे."

"बघू दी," शेवंता म्हणाली.

दवाखान्याचा शिपाई आला, पाटीकडे बोट दाखवलं. मी त्याला म्हटलं, "थांब बाबा जरा. ओरडायचं तर मला ओरड." तो थांबला.

मग महेशने विचारलं, "तिने तुला लगेच फोन नाही केला? इतका वेळ कसा गेला?"

शेवंताने माझ्याकडे बघितलं. मग तिने बटण दाबून स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. असं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तोंडापुढे पदर घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "केल्यान. मी लगेच घेतलंय."

ती यावर पुढे कधी बोलली नाही, माझ्याशीही नाही. मीही विचारलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर ती गावी वारली. दिवस झाल्यावर महेश माझ्याकडे आला होता. मी हे लिहिणार आहे असं त्याला सांगितलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं ठेवू नये, असं मला वाटतं.

तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं मावशी. आई ते हळू बोलली."

एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. मी थांबवलं नाही.

तर त्या दिवशी. शेवंताने कानाला लावलेला फोन अजून काढला नव्हता, तेवढ्यात आतलं दार उघडून डॉक्टरीण बाहेर आली. तरुण मुलगी होती, डोक्यावर टोपी तशीच. तिने फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, आधी तो ठेवा."

शेवंता उठून उभी राहिली. फोन कानावरून काढला, स्पीकर लावला आणि दोघींच्या मध्ये धरला. "माझो झील असा," ती म्हणाली. "सांगा. त्याकाय आयकू दी."

डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिने सांगितलं.

वंदना जगली. तिच्या पोटातली मुलगी जगली नाही.